पारडी अदलून पाहावीत

जुन्या पेढीवर नवा तराजू आला की अनुभवी मुनीम त्यावर लगेच विश्वास टाकीत नसे. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात माल ठेवून काटा मध्यावर आणल्यावर तो दोहोंच्या जागा अदलत असे. काटा पुन्हा मध्यावर थांबला तर तराजू खरा. ढळला तर मालाला दोष देण्याचे कारण नाही, दांडीच लबाड आहे असे तो समजे. एवढ्या साध्या कृतीने तराजूची परीक्षा होई आणि मालाचीही. ध्वनीच्या क्षेत्रातील एका हौसेला आज या रीतीची फार गरज आहे. ती हौस म्हणजे घरी बांधलेल्या फोनो प्रीॲम्पमध्ये निरनिराळ्या निर्वात नलिका बसवून त्यांच्या आवाजाची तुलना करण्याची.

निर्वात नलिका म्हणजे जुन्या पिढीच्या बोलीतला व्हॉल्व्ह. दुकानाच्या फळीवर ठेवलेला, चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने बोलू लागणारा आणि मागच्या जाळीतून केशरी उजेड दाखवणारा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. ट्रान्झिस्टर आला आणि नलिका घरोघरून नाहीशी झाली. परंतु गेल्या काही वर्षांत अनेक घरांतील जुन्या ध्वनिमुद्रिका पेटीतून पुन्हा बाहेर आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही काचेची नळीही परतली. तरुण मुले लोखंडी पत्र्याची पेटी घेतात, तिला भोके पाडतात, सॉकेट बसवतात आणि डाख देऊन स्वतःच्या हातांनी प्रीॲम्प उभा करतात. पेटी पहिल्यांदा गाऊ लागते त्या दिवशी घरात आनंद असतो. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतो : याहून चांगली नलिका कोणती?

या प्रश्नात पैसा आहे. एकाच क्रमांकाची नवी नलिका आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नामांकित कारखान्याची नलिका यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. जुनी नलिका घेणाऱ्याजवळ तिच्या अंतरंगाची खात्री करण्याचे साधन सहसा नसते. त्याच्या हाती असतो काचेवरचा पुसट शिक्का, जीर्ण खोके आणि विकणाऱ्याचा शब्द. त्यावर भरवसा ठेवून तो माल घेतो, घरी आणून बसवतो, आणि मोजलेल्या रकमेला शोभेल असा आवाज ऐकू येण्याची वाट पाहतो. बहुधा तो ऐकूही येतो. तो नलिकेतून आला की मोजलेल्या रकमेतून, हे ठरवणे हाच या विषयाचा गाभा होय.

त्यासाठी प्रथम प्रीॲम्पचे काम समजून घेतले पाहिजे. तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्दाब साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. पुढच्या प्रवर्धकाला तो सुमारे शंभर पटींनी वाढवून द्यावा लागतो. परंतु सर्व स्वर सारखेच वाढवून भागत नाही. ध्वनिमुद्रिका कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. खालचे स्वर पूर्ण जोराने कोरले तर खाच इतकी रुंद होईल की तबकडीवर थोडेच संगीत मावेल, आणि वरचे स्वर उचलले नाहीत तर ते पृष्ठभागाच्या सुरसुरीत बुडतील. घरी वाजवताना ही तडजोड बरोबर उलटी करावी लागते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये या उलटापालटीचे एक प्रमाण ठरवले. संघटनेच्या आद्याक्षरांवरून ते ‘आरआयएए’ या नावाने ओळखले जाते. या प्रमाणानुसार १००० हर्ट्झच्या स्वराच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे नऊ पट अधिक वाढवावा लागतो, आणि २०,००० हर्ट्झचा जवळजवळ तितक्याच प्रमाणात उतरवावा लागतो. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या प्रमाणाच्या आधीच्या असल्याने त्यांचा हिशेब निराळा. येथील सर्व विवेचन लाँग प्ले तबकड्यांसाठी आहे.

म्हणजे प्रीॲम्प एकाच वेळी दोन कामे करतो. तो दुबळा आवाज मोठा करतो आणि कोरताना बिघडवलेले प्रमाण पूर्ववत करतो. हे दुसरे काम किंचित जरी चुकले तरी आवाजाचा रंग पालटतो. नलिकांच्या गुणावगुणांच्या नावाखाली जे पुष्कळसे ऐकू येते, त्याचे मूळ येथे असते.

या कामासाठी सर्वाधिक वापरली गेलेली नलिका म्हणजे १२एएक्स७. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ती १९४७ मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला आणि पुढच्या वर्षी कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी विक्रीस काढली. जिला निवृत्त करणारा जन्मला तिच्याच वर्षी, ती नलिका पाऊणशे वर्षांनंतरही कामावर आहे. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. या नावात अर्थ आहे. ‘ई’ म्हणजे तापतंतूला ६.३ व्होल्ट, दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, आणि आठाने सुरू होणारा आकडा नऊ पायांची लहान बैठक दाखवतो. अमेरिकन नावातील १२ हाही तापतंतूचाच व्होल्ट होय, कारण तो तंतू मधून जोडलेला असल्याने दोन्ही प्रकारे चालवता येतो.

नलिकेच्या पोटात तीन मुख्य भाग असतात. मध्यभागी तापून इलेक्ट्रॉन सोडणारा ऋणाग्र, त्याभोवती बारीक तारेची जाळी आणि बाहेर इलेक्ट्रॉन झेलणारे धनाग्र. जाळीवरचा दाब किंचित बदलला की धनाग्राकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. जाळीची ही सत्ता किती, ते वर्धनांकावरून कळते. १२एएक्स७ चा वर्धनांक १०० आहे. तिच्याच कुळातील ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा १७ ते २० च्या घरात.

आता या हौसेतला पहिला सापळा पाहावा. या चारही नलिकांची बैठक एकच आहे आणि पायांची जोडणीही तीच. सॉकेटमधून एक उपटून दुसरी खोचली तर पेटी तक्रार न करता चालू होते. त्यामुळे नवख्या कारागिराला वाटते की आपण चार नलिकांचे आवाज तोलतो आहोत. प्रत्यक्षात शेराच्या मापाच्या जागी पायलीचे माप ठेवून दराची तुलना करावी, तसा हा प्रकार होतो.

एक नामांकित उदाहरण घेऊन हा हिशेब मांडता येईल. अमेरिकेतील डायनाको कंपनीचा पीएएस हा प्रीॲम्प १९६० च्या आसपास सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला जाई, आणि गिऱ्हाइके तो घरी जोडीत. त्यात चार १२एएक्स७ होत्या. त्यांपैकी दोन ध्वनिमुद्रिकेच्या टप्प्यासाठी होत्या, डाव्या वाहिनीला एक आणि उजवीला एक. प्रत्येक नलिकेतील दोन ट्रायोड एकापाठोपाठ काम करतात, आणि शेवटी निघालेल्या आवाजाचा काही अंश उलट दिशेने आरंभाकडे आणून आरआयएएचे प्रमाण साधले जाते. या परत आणण्याला पुनर्भरण म्हणतात. अनेक हौशी कारागीर आजही याच धर्तीची मांडणी करतात.

पुनर्भरणाची एक अट असते. हाती शिल्लक भरपूर असेल तरच ते वाटप अचूक करू शकते. ढोबळ हिशेबाने १२एएक्स७ चा प्रत्येक ट्रायोड ६० पट वर्धन देतो असे धरले, तर दोहोंचे मिळून ३६०० पट होते. १००० हर्ट्झला १०० पट आणि २० हर्ट्झला ९२० पट वर्धन हवे असेल, तर एवढ्या शिल्लकेतून पहिल्या ठिकाणी सुमारे ९७ आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ७३० पट पदरी पडते. म्हणजे मूळ नलिकेतही अगदी खालचा स्वर थोडा दुबळाच असतो. आता ५७५१ बसवली आणि प्रत्येक ट्रायोडचे वर्धन ४५ वर आले, तर एकूण शिल्लक २००० च्या जवळ उरते. १००० हर्ट्झला वर्धन ९५ राहते, म्हणजे कानाला कळणारही नाही इतका बदल. पण २० हर्ट्झला ते ६३० पर्यंत घसरते. मध्यम स्वरांच्या मानाने अगदी खालचे स्वर एक डेसिबलहून थोडे अधिक उतरतात. ऐकणारा मग सांगतो की ५७५१ चा आवाज अधिक स्वच्छ आणि आटोपशीर आहे. त्याने ऐकलेले खोटे नसते. परंतु ते त्या नलिकेचे शील नव्हे. तिच्या अंगापेक्षा मोठा अंगरखा तिला चढवला गेला, एवढेच.

१२एयू७ च्या बाबतीत हे आणखी उघड होते. तिचे दोन ट्रायोड मिळून जेमतेम २०० पट वर्धन देतात. १००० हर्ट्झला सुमारे ६७ आणि २० हर्ट्झला सुमारे १६४ पट, म्हणजे खालच्या स्वराला नऊ पट अधिक हवे तेथे अडीच पटही मिळत नाही. आवाज पोकळ आणि कोरडा होतो, आणि एका गुणी नलिकेवर विनाकारण डाग लागतो. तिच्यासाठी रोध आणि कपॅसिटर यांची मूल्ये बदलून, गरज पडल्यास टप्पा वाढवून पेटी नव्याने मांडली, तरच तिची परीक्षा न्याय्य ठरेल. ईसीसी८८ ही आणखी एक लोकप्रिय नलिका. तिचेही पाय नऊच, परंतु तापतंतूची जोडणी निराळी. १२एएक्स७ साठी ६.३ व्होल्टवर जोडलेल्या सॉकेटमध्ये ती पेटतच नाही. शिवाय तिला धनाग्रावर १३० व्होल्टांपेक्षा अधिक दाब सोसत नाही. बैठक जुळली म्हणजे सोयरीक जुळली असे होत नाही.

म्हणून तुलनेचा पहिला नियम असा की एका क्रमांकाच्या नलिकेची तुलना त्याच क्रमांकाच्या नलिकेशी करावी. येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो व्यापारी घराण्यांना अधिक परिचयाचा आहे. तो म्हणजे नावाचा.

नलिकांच्या बाजारात काही नावे पिढ्यान्‌पिढ्या आदराने घेतली जातात. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील मलार्डचा कारखाना, जर्मनीची टेलिफुंकन, अमेरिकेची आरसीए. टेलिफुंकनच्या कित्येक अस्सल नलिकांच्या तळाशी, पायांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याची आकृती उमटवलेली असते. रंगाचा शिक्का पुसून नवा मारता येतो, पण काचेतली खूण मागाहून घालणे कठीण, म्हणून पारखी आधी नलिका उलटी करून पाहतो. ब्लॅकबर्नच्या नलिकांवर काचेच्या बुडाशी बारीक अक्षरांत कारखान्याचा संकेत आढळतो. ही सावधगिरी अनाठायी नाही. त्या काळीदेखील कंपन्या परस्परांकडून माल घेऊन आपापले शिक्के मारीत असत, त्यामुळे खोक्यावरचे नाव आणि भट्टीचे गाव एकच असेल असे नाही. भारतातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओच्या नलिका तयार होत, आणि जुन्या रेडिओच्या पोटात त्या आजही सापडतात.

आज तर नाव आणि कारखाना यांची ताटातूट उघड उघड झाली आहे. न्यूयॉर्कच्या न्यू सेन्सर कंपनीने रशियातील सारातोव्ह येथील कारखान्यात बनणाऱ्या नलिकांना मलार्ड, टंग-सोल आणि जेनालेक्स गोल्ड लायन ही जुनी नावे दिली. नावे रीतसर मिळवलेली आहेत, आणि त्या नलिका वाईट आहेत असेही नाही. परंतु ब्लॅकबर्नची भट्टी, तेथील कारागीर आणि त्यांची रीत त्या नावाबरोबर सारातोव्हला गेलेली नाहीत. पेढीची पाटी विकत घेता येते, पेढीची पत मात्र नव्या मालकाला नव्याने मिळवावी लागते. स्लोव्हाकियातील जेजे कंपनीने स्वतःच्याच नावाने नलिका बनवून अशी पत मिळवली आहे.

मग एकाच क्रमांकाच्या, पण निरनिराळ्या कारखान्यांच्या नलिकांत खरोखर फरक असतो काय? असतो. परंतु तो कोठे असतो हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत ठळक फरक सुरसुरीचा. पहिल्या ट्रायोडमध्ये जो काही खळखळाट निर्माण होतो, तो पुढे संगीताबरोबरच शेकडो पटींनी वाढतो. ऋणाग्राच्या लेपाची शुद्धता, आतील निर्वात अवस्थेची प्रत आणि नलिकेचे वय यांवर तो अवलंबून असतो. एकाच खोक्यातील दोन नलिकांतही तो वेगळा असू शकतो. दुसरा फरक गुणगुणीचा. घरातील विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आरआयएएच्या प्रमाणामुळे १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा सुमारे सात पट अधिक वाढते, म्हणून तापतंतूची गळती असलेली नलिका येथे लगेच उघडी पडते. तिसरा फरक कंपनाचा. जाळी आणि ऋणाग्र यांतील अंतर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके असते. जाळीची तार सैल असेल तर नलिकेला पेन्सिलीने हलकी टिचकी मारताच कर्ण्यातून घंटेसारखा नाद येतो. अशी नलिका कर्ण्याच्या कंपनांनीही थरथरते आणि संगीतावर एक खोटी झिलई चढवते. काही काळ ती झिलई गोडही वाटते.

चौथा फरक सूक्ष्म आहे. जाळी आणि धनाग्र यांच्यामधील धारिता जेमतेम दीड-पावणेदोन पिकोफॅरड असते, परंतु पहिल्या टप्प्याचे वर्धन ६० असेल तर कार्ट्रिजला ती शंभर पिकोफॅरडइतकी भासते. त्यात तारेची धारिता मिळते. कार्ट्रिजची गुंडाळी अर्ध्या हेन्रीची आणि एकूण धारिता २०० पिकोफॅरड असेल, तर सुमारे १६,००० हर्ट्झला एक उंचवटा तयार होतो. धारिता ३०० झाली तर तो १३,००० पर्यंत खाली सरकतो. वर्धन बदलले की हे ओझे बदलते आणि वरच्या स्वरांचा तजेला किंचित हलतो. येथेही श्रेय किंवा दोष नलिकेचा एकटीचा नसून, कार्ट्रिज, तार आणि नलिका या तिघांच्या भागीदारीचा असतो.

नलिकेच्या आवाजाला ‘उबदार’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्याचे कारण तिच्या स्वरविकृतीत आहे असे सांगितले जाते. मोठा आवाज उचलणाऱ्या शेवटच्या नलिकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु फोनो प्रीॲम्पच्या पहिल्या जाळीवर येतात ते अवघे पाच मिलिव्होल्ट. एक-दीड व्होल्टांच्या मोकळ्या अंगणात ते एका कोपऱ्यात उभे असतात. इतक्या थोड्या हालचालीत नलिका जवळजवळ सरळ रेषेत काम करते. म्हणून या जागी ऊब ऐकू आली, तर ती बहुधा आरआयएएच्या प्रमाणातील चढउतारातून आलेली असते.

आता उरतो तो कान. तराजू म्हणून कान उत्तम आहे, परंतु त्याची दांडी तीन ठिकाणी झुकते. दोन आवाजांपैकी एक किंचित मोठा असला की कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. आवाजाच्या सूक्ष्म छटांची स्मृती फार अल्पकाळ टिकते, आणि नलिका बदलायला पेटी बंद करणे, थंड होऊ देणे, पुन्हा तापवणे यांत अर्धा तास सहज जातो. शिवाय कोणती नलिका वाजते आहे हे ठाऊक असेल, तर तिची किंमत कानात आधीच जाऊन बसते. हा दोष अप्रामाणिक माणसांपुरता नाही. सज्जन, अनुभवी आणि संगीताची उत्तम जाण असलेल्या माणसालाही तो चुकत नाही.

यावर उपाय मुनिमाने दाखवलेलाच आहे. डायनाकोसारख्या मांडणीत प्रत्येक वाहिनीला एक नलिका असते, त्याचा लाभ घ्यावा. एक नलिका डाव्या वाहिनीत बसवावी आणि दुसरी उजव्या वाहिनीत. दोन्ही वाहिन्या एका निवडखटक्याला जोडून तेथून एकाच प्रवर्धकात आणि एकाच कर्ण्यात न्याव्यात. मग मोनो तबकडी लावावी. तिच्या खाचेतून दोन्ही बाजूंना एकच संगीत निघते, त्यामुळे खटका फिरवताच तेच गाणे, त्याच क्षणी, दुसऱ्या नलिकेतून ऐकू येते. अर्ध्या तासाची स्मृती मध्ये येत नाही. दोन्ही नलिका आधी वीस-तीस मिनिटे तापू द्याव्यात. चाचणीच्या तबकडीवरील १००० हर्ट्झचा स्वर लावून दोन्हींचा दाब मोजावा, आणि प्रत्येक वाहिनीच्या आवाजाच्या बटणाने तो एक-सव्वा टक्क्याच्या आत समान करावा. एवढे झाल्यावर पारडी समतोल झाली असे म्हणता येईल.

परीक्षेला घरातील माणसे बसवावीत. एकाने पडद्याआड नाणे उडवून खटका फिरवावा आणि वहीत नोंद करावी. दुसऱ्याने डोळे मिटून ऐकावे आणि आपले मत निराळ्या कागदावर लिहावे. बोलू नये, चेहऱ्यावरूनही सुचवू नये. दहा वेळा असे करून मगच दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. केवळ अंदाजाने उत्तरे दिली तरी दहापैकी सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सहा प्रयत्नांत एकदा अशी असते. सात गुणांवर जल्लोष करणे म्हणजे एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा मांडणे होय. नऊ किंवा अधिक बरोबर आली तर मात्र गोष्ट निराळी, कारण तसे निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ एवढीच उरते.

आणि नऊ बरोबर आली तरीही काम संपत नाही. पेटी बंद करून नलिकांच्या जागा अदलाव्यात. डावीतली उजवीत, उजवीतली डावीत. मग पुन्हा समतोल साधून पुन्हा दहा वेळा ऐकावे. आवडलेला आवाज नलिकेबरोबर दुसऱ्या वाहिनीत गेला, तर तो नलिकेचा. जुन्याच जागी राहिला, तर तो त्या वाहिनीतील एखाद्या रोधाचा, कपॅसिटरचा किंवा कार्ट्रिजच्या एका बाजूचा. असे झाले तर खंत करू नये. पेटीतला एक लपलेला दोष सापडला, आणि महागडी नलिका घेण्यावाचून सापडला, हा नफाच समजावा.

या अदलाबदलीत एक गोष्ट हौसेपेक्षा मोठी आहे. प्रीॲम्पच्या पेटीत २५० ते ३०० व्होल्टांचा एकदिश दाब असतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. पेटी बंद केली, वायर भिंतीतून काढली, तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. तो हळूहळू रिकामा करणारा रोध पेटीत कायम जोडलेला असावा. झाकण उघडल्यावर मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री झाल्याखेरीज आत बोट घालू नये. मोजताना दुसरा हात पाठीशी ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. नलिका हाताला सोसेल इतकी निवल्यावरच उपटावी. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे उघडी पेटी टेबलावर ठेवून कोणीही जेवायला उठू नये.

अशा रीतीने तोलले तर निकाल काय लागतो? निरनिराळ्या क्रमांकांच्या नलिकांतील फरक ठळक ऐकू येतो, आणि त्याचा बराचसा भाग मांडणीशी न जुळण्याचा असतो. एकाच क्रमांकाच्या निरोगी नलिकांत सुरसुर, गुणगुण आणि कंपन यांचे फरक सहज ओळखू येतात. ते मोजून सिद्धही करता येतात. ही तिन्ही बाजूला काढली, दाब समान केला आणि नावे झाकली, की उरलेला फरक बहुतेक वेळा इतका आक्रसतो की त्यासाठी कित्येक पट दाम मोजावे की नाही याचा निर्णय ऐकणाऱ्याला शांतपणे घेता येतो. झाकलेल्या नावानेही कोणाला एखादी नलिका पुनःपुन्हा ओळखता आली आणि आवडली, तर त्याने ती अवश्य घ्यावी. त्याने स्वतःच्या कानाची खातेवही मिळवून पाहिलेली आहे.

हाच पैसा दुसरीकडे लावण्याचा विचारही व्हावा. झिजलेली सुई बदलली तर पडणारा फरक पडद्याआड नाणे न उडवताही ऐकू येतो, आणि तबकड्यांचे आयुष्यही वाढते. आरआयएएच्या जाळ्यातील रोध व कपॅसिटर एक टक्क्याच्या अचूकतेचे निवडून दोन्ही वाहिन्यांत जुळवून घालणे, तापतंतूला शुद्ध एकदिश वीज देणे, सॉकेटचे सैल झालेले चिमटे आवळणे, ही कामे स्वस्त आहेत. त्यांना प्रतिष्ठा नाही, कारण त्यांच्यावर जुन्या कारखान्याचा शिक्का नसतो. आवाजाचा पाया मात्र त्यांनीच घातलेला असतो.

याचा अर्थ जुनी नलिका बाळगण्यात आनंद नाही असा मुळीच नव्हे. साठ वर्षांपूर्वी दूरच्या गावी एखाद्या कामगार स्त्रीने भिंगाखाली जोडलेली ती बारीक जाळी आजही स्वर वाहून नेते, ही गोष्ट नवलाचीच आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या रेडिओतली नलिका मुलाने बांधलेल्या पेटीत पेटली, तर तिचे मोल कोणत्याही मीटरवर दिसणार नाही. ते मोल आठवणीचे म्हणून मान्य करावे आणि आठवणीच्याच खात्यावर लिहावे. आवाजाच्या खात्यावर ते चढवले, म्हणजे हिशेब चुकतो आणि पुढच्या खरेदीत ती चूक व्याजासह परत येते.

पेटी पुन्हा बंद होते, झाकण बसते, दिवे मालवले जातात. थोड्या वेळाने कोणीतरी ती परत सुरू करतो, आणि या खेपेस परीक्षेसाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी. अर्ध्या मिनिटाने काचेत तो ओळखीचा केशरी उजेड दिसू लागतो आणि घरातली मंडळी आपापल्या जागी येऊन बसतात. कोणती नलिका कोणत्या बाजूला आहे, हे वहीत लिहून ठेवलेले असते. त्या संध्याकाळी ती वही उघडण्याची कोणालाही गरज वाटत नाही.